बांधकामावरची माती, पावसाचे पाणी आणि तुंबलेल्या नाल्या

मृग नक्षत्र तोंडावर आले, की नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांत नालेसफाईचा विषय निघतो. नालीतून उपसलेला काळा गाळ दोन-चार दिवस काठावरच पडून राहतो, पहिल्या जोरदार सरीत त्यातला बराचसा पुन्हा आत उतरतो आणि मग सफाई झालीच नाही, अशी ओरड होते. या गाळात प्लास्टिक आणि घरगुती कचरा असतोच. पण त्यातला मातीचा भाग कुठून येतो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. शहराच्या मध्यवस्तीत शेते नसतात. तिथली माती येते ती खोदून ठेवलेल्या पायांतून, नव्या ले-आउटच्या कच्च्या रस्त्यांवरून, आणि दारापुढे ओतलेल्या मुरूम-वाळूच्या ढिगांतून.

बांधकाम सुरू होताना पहिली गोष्ट घडते ती म्हणजे जमीन उघडी होते. गवत, झुडपे, जुनी मुळे निघून जातात. पावसाचा मोठा थेंब सेकंदाला आठ ते नऊ मीटर वेगाने जमिनीवर आदळतो. वर पालापाचोळा असेल तर तो मार त्यावरच जिरतो, नसेल तर मातीचे कण सुटे होऊन उडतात. सुटलेले कण जमिनीची छिद्रे बुजवतात, पाणी मुरणे कमी होते आणि जे मुरत नाही ते वाहू लागते. आधी पातळ चादरीसारखे, मग बोटाएवढ्या ओघळींतून, आणि उतार लांब असेल तर घळी पाडत. पोकलेन आणि टिप्परच्या चाकांनी दाबलेली जमीन तर पाणी जवळपास पितच नाही.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजानुसार बांधकामाच्या जागेवरून वाहून जाणारी माती शेतजमिनीच्या तुलनेत दहा ते वीस पट, तर जंगलाच्या तुलनेत हजार ते दोन हजार पट असते. भारतातील जमिनीच्या धुपीचा १९८३ साली मांडला गेलेला अंदाज वर्षाला हेक्टरी सरासरी १६.३५ टन इतका आहे. ढोबळमानाने एक हायवा टिप्पर भरेल एवढी ही माती. दोन्ही आकडे एका मापाचे नाहीत, त्यामुळे त्यांचा सरळ गुणाकार करू नये. पण उघड्या पडलेल्या एका हेक्टरातून एका पावसाळ्यात किती टिप्पर माती जाऊ शकते, याची कल्पना त्यावरून येते.

काळ्या मातीचा स्वभाव

मराठवाड्याचा खडक बेसॉल्टचा. त्यावर मुरूम आणि त्यावर कुठे हातभर, तर कुठे पुरुषभर खोल काळी माती. शेतकऱ्याला ती प्रिय असते. बांधकाम करणाऱ्याला तिची धास्ती असते. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसात फुगते. तिच्यातील चिकण खनिज पाणी धरून ठेवते आणि आकारमान बदलते. याच कारणाने रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी तळाशी फुगीर असलेल्या पाइल पायाची पद्धत विकसित केली आणि हा पाया साधारण साडेतीन मीटर खोल, म्हणजे ऋतूंप्रमाणे ओलावा फारसा बदलत नाही त्या पातळीपर्यंत नेला जातो.

धुपीच्या दृष्टीने काळ्या मातीची अडचण वेगळी आहे. तिचे कण अतिशय बारीक असतात. वाळूचा एक दशांश मिलिमीटरचा कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली बसायला दोन मिनिटेही घेत नाही. पोयट्याच्या कणाला पाऊण तास लागतो. चिकणमातीचा दोन मायक्रॉनचा कण मात्र तेवढेच अंतर कापायला तीन दिवसांहून अधिक वेळ घेतो, तोही पाणी अजिबात हलले नाही तर. म्हणून परदेशी पुस्तकांत दाखवलेला गाळ साठवण्याचा खड्डा इथे जसाच्या तसा खोदला, तर वाळू आणि मुरमाची कच त्यात अडकते आणि पाणी तरीही चहाच्या रंगाचे बाहेर पडते. चोपण जमिनीत हा त्रास आणखी वाढतो. तिथले कण पाण्याचा स्पर्श होताच एकमेकांपासून सुटतात. गढूळ पाण्यात तुरटी फिरवण्याचा घरगुती उपाय ज्या तत्त्वावर चालतो, तेच तत्त्व इथे कामी येते. मोठ्या प्रकल्पांवर साठवण खड्ड्यात जिप्सम किंवा तुरटी वापरून कण एकत्र आणले जातात आणि मग ते बसतात. लहान कामावर हे शक्य नसते. तिथे माती मुळात सुटूच न देणे, हाच स्वस्त मार्ग उरतो.

उतारावरची दोन शहरे

लातूर पठारावर आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे तीस मीटर उंचीवर. पाणी मांजरेच्या खोऱ्याकडे उतरते. शहराला पाणी पुरवणारे धनेगावचे मांजरा धरण वरच्या अंगाला असल्याने शहरातल्या बांधकामांचा गाळ त्यात जात नाही. तो खालच्या बंधाऱ्यांकडे जातो. गाळाचे मोल लातूरकरांना कुणी शिकवण्याची गरज नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून 'जलदूत' रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. त्याच उन्हाळ्यात नागरिकांनी वर्गणी काढून साई आणि नागझरी परिसरात मांजरेच्या पात्रातला गाळ उपसण्याचे काम हाती घेतले. पुढच्या वर्षी राज्य सरकारने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आणली. गाळ काढायला लोकवर्गणी आणि सरकारी योजना दोन्ही मिळाल्या. गाळ येऊ नये म्हणून मात्र शहरांच्या बांधकामांवर काय करायचे, याची चर्चा त्या वेळी फारशी झाली नाही.

नांदेडची गोष्ट थोडी निराळी. शहर गोदावरीच्या काठावर वसलेले, उत्तरेकडे आसना. विष्णुपुरीचा जलाशय शहराच्या वरच्या बाजूला आहे, त्यामुळे शहरातली माती नगिनाघाट, बंदाघाट, गोवर्धनघाटाच्या परिसरातून नदीत उतरते आणि खाली जाते. खाली धर्माबाद तालुक्यात बाभळी बंधारा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार त्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात उघडे ठेवावे लागतात. पावसाळ्याचा गाळ म्हणून सरळ तेलंगणातल्या श्रीरामसागराकडे निघतो. लातूरचा गाळ मांजरेबरोबर कर्नाटकातून सिंगूर आणि निजामसागरापर्यंत पोहोचतो. पाण्यावरून दोन्ही राज्यांत वर्षानुवर्षे भांडण झाले. गाळाची वाटणी मात्र बिनबोभाट चालू आहे.

या गाळातला फार मोठा हिस्सा शेतांचा आणि ओढ्यांच्या काठांचा असतो, हे नोंदवले पाहिजे. नदीच्या हिशेबात शहरी बांधकामाचा वाटा लहानच ठरेल. पण धरणात पोहोचण्याआधी ही माती जिथे साचते, त्या नाल्या अरुंद आहेत, आणि त्यांच्या खालच्या टोकाला बहुधा सखल वस्ती असते. तिथे अर्धी बुजलेली नाली म्हणजे घरात शिरलेले पाणी.

नांदेडने गेल्या वीस वर्षांत मोठी बांधकामे पाहिली. जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानात राज्यातल्या मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक यांच्यासोबत नांदेडची निवड झाली. गुरू-ता-गद्दीच्या २००८ मधील त्रिशताब्दी सोहळ्यानिमित्त रस्ते, पूल, घाट यांची कामे झपाट्याने झाली. नदीपलीकडे कौठा आणि सिडको-हडकोच्या बाजूने शहर पसरत गेले. लातुरात रेल्वे डब्यांचा कारखाना उभा राहिला. तुळजापूरहून लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड असा नागपूरच्या दिशेने जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ रुंद झाला. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा सुमारे २८४ किलोमीटरचा लोहमार्ग टाकला जात आहे. महामार्ग असो की लोहमार्ग, भराव आणि कापणी म्हणजे उघडा उतार, आणि उघडा उतार म्हणजे पहिल्या पावसात पडणाऱ्या ओघळी.

पाऊसही बेतात पडत नाही. नांदेडची वार्षिक सरासरी सुमारे नऊशे मिलिमीटर आणि लातूरची आठशेच्या आसपास; पण त्यातला मोठा भाग मोजक्या दिवसांत कोसळतो. सप्टेंबर २०२१ अखेर 'गुलाब' चक्रीवादळाच्या अवशेषांनी मांजरेला महापूर आणला. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात एका रात्रीच्या पावसाने लेंडीकाठची गावे पाण्याखाली गेली. असे पाऊस कोणत्याही बांधकामावरच्या उपायांना पुरून उरतात. उपाय करायचे ते महापुरासाठी नव्हे, तर दर वर्षी येणाऱ्या पन्नास-साठ मिलिमीटरच्या पावसासाठी.

दहा गुंठ्यांचा हिशेब

महसूल खात्याच्या लेखी एका मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला, की अतिवृष्टी. दहा गुंठे म्हणजे सुमारे एक हजार चौरस मीटर. त्यावर ६५ मिलिमीटर पडला तर सुमारे ६५ हजार लिटर पाणी होते. दहा हजार लिटरचे साडेसहा टँकर. उघड्या, दाबलेल्या जमिनीवरून त्यातले साठ टक्के वाहिले असे धरले, तरी चार टँकर पाणी त्या प्लॉटवरून रस्त्यावर येते, आणि ते एकटे येत नाही. टंचाईच्या वर्षी लातुरात एका टँकरसाठी किती पळापळ होते हे आठवले, म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो.

त्यावरचा पहिला उपाय खर्चाचा नाही. वरच्या अंगाकडून, म्हणजे शेजारच्या मोकळ्या जागेतून किंवा रस्त्यावरून येणारे पाणी प्लॉटमध्ये शिरण्यापूर्वीच एका उथळ चराने बाजूला काढायचे. पाणलोटाच्या कामांमुळे सलग समतल चर आणि ढाळीचे बांध मराठवाड्यातल्या गावोगावी माहीत झाले आहेत. तेच इथे छोट्या मापात करायचे असते. बाहेरचे पाणी बाहेरूनच गेले, तर आतल्या मातीला वाहून नेणारे पाणी फक्त तिच्यावर पडलेले उरते.

खालच्या अंगाला गाळ अडवायचा. त्यासाठी बाजारात मिळणारी हिरवी शेडनेट बांधलेली अनेक ठिकाणी दिसते. ती धुळीला थोडीफार आडवी येते; गाळाला नाही, कारण तिची छिद्रे मोठी असतात आणि तिचे खालचे टोक हवेत लोंबकळत असते. गाळ अडवणारे कापड दाट विणीचे हवे, खुंट्यांना घट्ट ताणलेले हवे आणि मुख्य म्हणजे त्याचे खालचे टोक किमान पंधरा सेंटिमीटर जमिनीत गाडलेले हवे. जिओटेक्स्टाइल नसेल तर तागाचे तरट एका हंगामापुरते काम देते. तीस मीटर कापडामागे साधारण दहा गुंठ्यांपेक्षा जास्त क्षेत्राचे पाणी येऊ देऊ नये, असा संकेत आहे. ओढ्याच्या किंवा नालीच्या आडवे असे कापड कधीच लावू नये. वाहत्या प्रवाहात ते तासभरही टिकत नाही. तिथे दगडांचा बुटका बांध लागतो.

साठवण खड्ड्यासाठी हेक्टरी अडीचशे घनमीटर हे माप अमेरिकेत प्रचलित आहे. दहा गुंठ्यांना ते पंचवीस घनमीटर होते: पाच मीटर लांब, सव्वातीन मीटर रुंद आणि दीड मीटर खोल. पुढे हाच खड्डा पुनर्भरणासाठी वापरण्याचा मोह होतो, विशेषतः लातुरात, जिथे बोअरचे पुनर्भरण हा जिव्हाळ्याचा विषय आहे. मोह गैर नाही, वेळ चुकते. बांधकाम चालू असताना गढूळ पाणी बोअरभोवतीच्या गाळणीत सोडले, तर चिकणमाती एका पावसाळ्यात ती गाळणी बुजवते. छत पडून, अंगण बांधून झाल्यावर खड्डा स्वच्छ करावा, नवी खडी-वाळू भरावी आणि मगच बोअर जोडावा.

प्लॉटच्या फाटकाशी पन्नास ते पंचाहत्तर मिलिमीटरच्या खडीचा पट्टा टाकला, पंधरा मीटर लांब आणि वीतभर जाड, तर टिप्परच्या चाकांना चिकटलेली माती तिथेच सुटते. इथे बेसॉल्टची खडी मुबलक आहे. जागा पंधरा मीटर नसेल तर असेल तेवढी. रस्त्यावर आलेली माती मात्र पाण्याच्या पाइपने धुऊन काढू नये. ती खराट्याने झाडून परत आत टाकावी. धुऊन काढणे म्हणजे तिला स्वतःच्या हाताने नालीचा रस्ता दाखवणे.

सर्वांत परिणामकारक उपाय दिसायला सर्वांत गावंढळ आहे. उघडी जमीन झाकायची. उसाचे पाचट, सोयाबीनचे भुसकट, वाळलेले गवत, जे मिळेल ते एकरी दोन टनांच्या हिशेबाने पसरले तर थेंबाचा मार मातीपर्यंत पोहोचत नाही. लातूर-नांदेडच्या शिवारात पाचट आणि भुसकटाची वानवा नाही. पाचट तर अनेक शेतांत जाळून टाकले जाते. काही महिने हात न लागणाऱ्या मातीच्या ढिगावर ताग पेरला तरी चालतो. कायमच्या उतारावर हरळी लावावी, आणि उतार तीव्र असेल तर वाळा. ताडपत्री हा ढिगासाठी चांगला उपाय. मोठ्या उतारावर मात्र तिच्यावरून घसरलेले पाणी खालच्या कडेला दुप्पट जोराने खोदते.

या सगळ्यापेक्षा कामाचा क्रम महत्त्वाचा. संपूर्ण ले-आउट एप्रिलमध्ये जेसीबीने साफ करून ठेवायचा आणि प्लॉट विकले जातील तसे बांधत जायचे, ही सर्रास रीत आहे. तीन पावसाळे ती जमीन उघडी राहते. त्याऐवजी रस्ते आणि त्यांच्या नाल्या आधी, आणि बांधायला घ्यायचा तेवढाच तुकडा नंतर उघडायचा. पाया खोदणे दिवाळीनंतर सुरू करून जूनपूर्वी जोते भरून घेतले, तर निम्मे प्रश्न उद्भवतच नाहीत. पतपुरवठा आणि मजुरांची उपलब्धता हे दर वेळी जमू देत नाही, हेही खरे.

नियम काय सांगतात

केंद्र सरकारच्या १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यमापन अधिसूचनेनुसार वीस हजार चौरस मीटर किंवा अधिक बांधीव क्षेत्राच्या प्रकल्पांना पूर्वपरवानगी लागते. त्या अर्जात जमिनीची धूप आणि पावसाच्या पाण्याची व्यवस्था यांविषयी माहिती द्यावी लागते, आणि वरच्या थराची सुपीक माती जपून ठेवण्याची अट परवानगीत बहुधा असते. राष्ट्रीय महामार्गांच्या कामांसाठी रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या विनिर्देशांत कलम ३०६ खास धूप आणि गाळ नियंत्रणासाठी आहे.

नांदेड-लातुरातली बहुसंख्य कामे या मर्यादेच्या कितीतरी खाली असतात: बंगले, रो-हाउस, तीन-चार मजली अपार्टमेंट. २०२० च्या एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने पाचशे चौरस मीटर आणि त्यापुढील भूखंडांवर पर्जन्यजल संधारण बंधनकारक केले; पण ती व्यवस्था इमारत पूर्ण झाल्यावरची. बांधकाम चालू असतानाच्या गढूळ पाण्यासाठी त्या तरतुदीचा उपयोग होत नाही. बांधकाम व पाडकाम कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी हा कचरा नाल्यांत अडथळा होईल असा टाकण्यास मनाई केली. त्यांची जागा घेणारे २०२५ चे नियम १ एप्रिल २०२६ पासून अंमलात आणण्याचे ठरले आणि त्यांतली विस्तारित उत्पादक जबाबदारी पुन्हा वीस हजार चौरस मीटरपासूनच सुरू होते. तुलनेसाठी, अमेरिकेत २००३ पासून एक एकर जमीन उघडी करणाऱ्या कामालाही वाहत्या पाण्याचा परवाना आणि लेखी आराखडा लागतो. तिथे मोजली जाते ती उघडी झालेली जमीन, इथे मोजले जाते ते बांधीव क्षेत्र. गाळ हा जमिनीतून येतो, बांधीव क्षेत्रातून नाही. हा साधा फरक आपल्या नियमांत अजून उतरायचा आहे.

खोदलेली माती प्लॉटवरच ठेवण्याला एक आर्थिक कारणही आहे. माती आणि मुरूम ही गौण खनिजे. बाहेर नेली तर स्वामित्वधनाचा प्रश्न येतो. पुण्यातल्या बांधकाम व्यावसायिकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली, पायासाठी खोदलेली माती त्याच जागी भरावासाठी वापरणे हे व्यापारी उत्खननाहून वेगळे आहे, असा भेद मान्य केला.

खड्ड्याच्या काठावर

वाहत्या पाण्याचा सर्वांत गंभीर धोका नालीत नसतो, पायाच्या खड्ड्यात असतो. उन्हाळ्यात पडलेल्या भेगांतून पावसाचे पाणी काळ्या मातीत खोलवर उतरते, माती जड होते, भेगेच्या रेषेवरून संपूर्ण कड सुटते. आत काम करणाऱ्या मजुराला बाजूला व्हायलाही वेळ मिळत नाही. म्हणून दीड मीटरपेक्षा खोल चराला आधाराच्या फळ्या किंवा उतरत्या कडा असाव्यात, आणि उपसलेली माती काठापासून दीड मीटर अथवा खोलीच्या निम्म्या अंतरावर, यांतले जे जास्त असेल तेवढ्यावर, टाकावी. व्यवहारात ती काठावरच टाकली जाते, कारण भराव करताना परत लोटायला सोपे जाते. तो ढीग काठाला भार देतो आणि पाणी अडवून ते भेगेत सोडतो. रात्री पाऊस झाला असेल, तर सकाळी कोणी आत उतरण्यापूर्वी कडा पाहून घेणे आणि साचलेले पाणी पंपाने काढणे हे मिस्त्रीचे पहिले काम असायला हवे. पंपाचे पाणीही थेट रस्त्यावर न सोडता साठवण खड्ड्यात न्यावे.

तळाची शेवटची पंधरा सेंटिमीटर माती काँक्रीट टाकण्याच्या दिवसापर्यंत तशीच ठेवतात, ती याच कारणाने. आधीच खोदून ठेवलेला तळ एका पावसात चिखल होतो आणि त्यावर ओतलेला पाया पुढे खचतो. घर पूर्ण झाल्यावरही जोत्याभोवती बाहेर उतरता पक्का पट्टा आणि नाली नसेल, तर छपराचे पाणी पायापाशी मुरते, काळी माती फुगते आणि भिंतींना तिरक्या भेगा जातात. दोष सिमेंटला दिला जातो.

घर बांधून घेणाऱ्याने गुत्तेदाराशी करार करताना वरच्या अंगाचा चर, खालच्या अंगाचे कापड, माती टाकण्याची जागा, खड्ड्याचा आधार आणि पाऊस पडल्यानंतरची पाहणी एवढ्या बाबी दरपत्रकात वेगळ्या ओळींत लिहून घ्याव्यात. वेगळी ओळ नसलेले काम 'त्यातच आले' असे तोंडी ठरते आणि पहिल्या पावसापर्यंत कोणाच्याही लक्षात राहत नाही. मोठ्या सोसायट्यांना हीच कलमे वास्तुविशारदाच्या नकाशावर पाण्याच्या उताराच्या बाणांसह दाखवून घेता येतात. नकाशा मंजुरीसाठी महापालिकेत जाण्यापूर्वी ते करावे, नंतर बाण बदलायला खर्च पडतो.